दुर्वाचं किरकोळ

मंगळवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी आमची दुर्वा शाळेच्या व्हॅनमध्ये ओकली, आणि तिथनं ह्या सगळ्याला सुरवात झाली.

वेळ एवढी पक्की सांगता येते, कारण व्हॅनवाल्या काकांनी तसा फोनच केला. "ताई, आज आठ वीसला झालं बघा, पाचगावच्या वळणावर. काल आठ पंचवीसला झालतं. परवा शाळेच्या गेटात. वेळ अलीकडं अलीकडं सरकाय लागलीया. उद्या तुमच्या दारातच व्हणार."

नर्सरीच्या बाईंनी पण हात जोडले. म्हणाल्या, "अजून तीनच वर्षांची आहे. एक वर्ष घरीच शिकवा."

घरीच शिकवा म्हणायला त्यांचं काय जातंय? माझी सातवी झालेली. सातवीनंतर आमच्या गावात वर्गच नव्हता, आणि लांब पाठवायला घरातली तयार नव्हती. मी काय शिकवणार आणि कुठनं?

त्यात माझ्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं. त्या पेठ वडगावला असतात, बी. ए. झालेल्या आहेत. त्यांच्या घरासमोरच इंग्रजी शाळा आहे. त्यांनी फोनवर सांगितलं, "जूनपर्यंत बघतो मी. तुमच्या गल्लीच्या टोकाच्या शाळेत ज्युनियर केजीला घेतलं तर घेतलं. तिथं पोराला प्रश्न विचारून घेतात. न्हाय घेतलं, तर दुर्वाला माझ्याकडं पाठवायची. राहील की आत्याकडं. शनिवार-रविवार न्यायला या." त्या मायेनंच म्हणाल्या. पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तर असं ते वर्ष. आता गल्लीतल्या बायका जमल्या की म्हणतात, रूपाली, तो भाताचा सांग, तो सापाचा सांग. घरात लहान पोर असलं की किस्से धुण्यासारखे साठतात. एक बादली पिळून वाळत घालावी, तोवर दुसरी भरलेली असते. म्हटलं एकदा सगळे वाळतच घालू.

* * *

आमच्या समोर स्नेहल राहते. बी. एस्सी. झालेली. तिचा मुलगा आता दुसरीत आहे, म्हणजे ती ह्यातनं पार झालेली. ती म्हणाली, "शाळा नसली तरी चालतंय गं. खरं करिक्युलम पाहिजे." आमच्यात "पण"ला "खरं" म्हणतात.

मी मान हलवली. घरी आले. चहा केला, प्याले, आणि परत तिच्या दारात गेले. "ते करिक्युलम म्हंजे काय गं?"

"म्हंजे काय शिकवायचं, कधी शिकवायचं, कसं शिकवायचं, सगळं आधी ठरवून दिलेलं असतंय. मोबाईलवर ढीगभर हायत. आपल्याला पटंल ते निवडायचं."

मी बसले निवडायला. ढीगभर म्हणजे खरंच ढीगभर होते. कुणी म्हणतंय लाकडी खेळणीच द्या. कुणी म्हणतंय काहीच देऊ नका, पोर आपलं आपण शिकतं. कुणी म्हणतंय सहा वर्षांपर्यंत अक्षर दाखवू नका, तर कुणाचं पोर अडीच वर्षाला वाचायला लागलेलं. एक वाचलं की वाटायचं हेच बरोबर. दुसरं वाचलं की पहिलं वाचल्याचं भ्या वाटायचं.

शेजारी आत्या वाटाणा सोलत होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. त्या म्हणाल्या, "काय बघाय लागलीस गं मगाधरनं?"

"दुर्वाचं करिक्युलम निवडतोय."

"किरकोळ?"

आता कुठं समजावत बसायचं? मी म्हटलं, "व्हय, तसंच."

दोन तासांनी वन्सांचा फोन आला. आत्या दारात उभ्या राहून, पुऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत होत्या, "काय सांगू बाई तुला. दुपारधरनं मोबाईल घिऊन बसलीया. इचारलं तर म्हनती किरकोळ हाय. किरकोळला एवढा येळ, तर होलसेलला हिला किती लागंल?"

त्या दिवसापासून गल्लीत कुणी माझ्यासमोर करिक्युलम हा शब्द काढलेला नाही. "काय रूपाली, झालं का किरकोळ ठरवून?"

* * *

पहिलं किरकोळ परदेशातल्या कुठल्याशा बाईंनी बनवलेलं होतं. स्नेहलनं वाचून मराठीत सांगितलं. सकाळी उठल्यावर पहिलं काम सर्कल टाइम. सगळ्या मुलांनी गोल करून बसायचं आणि एकेकानं सांगायचं, आज मला कसं वाटतंय.

मी गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर विचारलं, "पोर एकच असेल तर गोल कसा करायचा?"

मग आमच्या वरच्या मजल्यावरच्या अक्कांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला. अक्का निपाणीच्या पलीकडच्या, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलतात. म्हणाल्या, "यवा, एवढंच न्हवं? मी येतो की गोलाला."

दुसऱ्या दिवशी सतरंजी घातली. दुर्वा, मी, अक्का. गोल काही दिसेना, त्रिकोणच दिसायला लागला. मग आत्यांना बसवलं. तेवढ्यात आमचे हे शिरोलीहून फौंड्रीतली शिफ्ट संपवून आले, त्यांना पण पायातले बूट काढायला लावून बसवलं.

"दुर्वा, आज तुला कसं वाटतंय?"

"भूक लागल्या."

"अक्का, तुम्हाला?"

"गुडघा."

"आत्या, तुम्हाला कसं वाटतंय?"

आत्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. मग म्हणाल्या, "मला? मला ह्या घरात आजवर कुणी इचारलंय व्हय, कसं वाटतंय म्हनून?"

आणि सुरू झाल्या. लग्नात मांडवात पाऊस आला तिथनं धरलं. मग त्यांच्या सासूबाई. मग थोरल्या जावेनं न सांगता नेलेली पितळी कळशी. दुर्वा मधेच उठून खेळायला निघून गेली. हे बसल्या बसल्या घोरायला लागले. अक्का डोळे पुसत "हौद, हौद" म्हणत होत्या, म्हणजे "व्हय, व्हय". मी उठायला बघितलं, तर आत्यांनी गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. कळशी अजून परत यायची होती.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, सर्कल टाइम बंद. सकाळी बाहेर आले तर सतरंजी घातलेली. मधोमध आत्या बसलेल्या, आंघोळ करून, नवं लुगडं नेसून.

"ये लवकर," म्हणाल्या. "माझं निम्मं ऱ्हायलंय."

* * *

मग तो भाताचा.

दुसऱ्या किरकोळात होतं, मुलाच्या बोटांना वेगवेगळं काहीतरी लागलं पाहिजे. तांदळाला खायचा रंग लावायचा, वाळवायचा, परातीत ओतायचा आणि त्यात वस्तू लपवायच्या. मुलानं हात घालून हुडकायच्या. मी निळा रंग लावला. समुद्र वाटावा म्हणून. अंगणात जुन्या लुगड्याच्या धडप्यावर वाळत घातला, झकास निळा झाला. त्यात दुर्वाचे शिंपले पण पुरून ठेवले.

नेमके त्याच दिवशी वन्सं आल्या, न सांगता. दुर्वाचं शिकणं बघायला. बरोबर त्यांचे मालक, आमचे वडगावचे पावणे, ज्यांना दुर्वा मामा म्हणते. मी घाईनं दुकानातनं दही आणायला गेले. परत येईपर्यंत पानं वाढलेली होती.

पावण्यांच्या ताटात निळा भात.

मी आत जाऊन हळूच म्हटलं, "आत्या, हे काय केलासा?"

"डब्यात तांदूळ कमी पडला. ते बाहेर पडलंवतं."

"अवो, त्याला रंग लावलाय मी."

"रंगच लावलाय न्हवं, इख तर न्हाय? तीन पान्यानं धुतलाय. अन्न हाय ते."

बाहेर पावणे भाताकडं बघत होते. मग डाळीचा घाटा ओतला, कालवला, एक घास खाल्ला. "मामी, हा तांदूळ कुठला म्हणायचा?"

आत्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "राधानगरीकडचा. धरणाच्या कडंला पिकतोय. पानी लागतंय त्याला लई."

"तरीच," पावणे म्हणाले. "इंद्रायणीपेक्षा मऊ हाय. आमच्याकडं येईल का ओ? बियाणं मिळंल?"

"बघू की, इचारतो," आत्या म्हणाल्या, आणि अजून एक डाव भात वाढला.

मी देवाचं नाव घेत होते. वन्सांना काही कळलं नव्हतं. आता एवढं पान उरकलं की सुटलो.

तेवढ्यात दुर्वा खेळून आली. पावण्यांच्या मांडीवर चढली. ताटात बघितलं. मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं, अगदी जवळ जाऊन.

"मामा, माझा शिंपला गावला का?"

* * *

लोकांच्या घरात शिकवायचं साहित्य फुटतं, हरवतं. आमच्यात शिजतं.

तिसऱ्या किरकोळात नेचर वॉक होता. मुलाला निसर्गात न्यायचं, पान, दगड, पीस असं गोळा करायचं, घरी आणून आठवडाभर टेबलावर मांडून ठेवायचं. ह्यांना म्हटलं, "एवढं तरी तुम्ही करा." मोटरसायकलवर दुर्वाला काही होत नाही, तोंडावर वारं लागतं. हे तिला घेऊन त्यांच्या मित्राच्या गावाकडं गेले, भाताच्या शिवारात.

चार वाजता आले. दुर्वा चिखलानं माखलेली, पण खूश. मी विचारलं, "पान आणलं?"

"हाय."

"दगड?"

"हाय की."

"अजून काय?"

ह्यांनी पिशवी खाली ठेवली. पिशवी आपली आपण दाराकडं चालायला लागली.

"खेकडं," दुर्वा म्हणाली. "पप्पांनी धरलं. मी बघितलं."

मी म्हटलं, "अवो, हे आठवडाभर टेबलावर कसं मांडू मी?"

"बांधून," हे म्हणाले.

आत्यांनी पिशवी उचलली, आत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "आठवडा कशाला घालवायचा? तासाभरात मांडतो."

जेवायच्या आधी स्नेहलचा मेसेज आला. नेचर वॉक झाला का? मांडलेल्याचा फोटो टाक ना. आता काय टाकणार? मी रश्श्याच्या पातेल्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. स्नेहलनं हसून हसून रडल्याच्या बाहुल्या पाठवल्या.

अक्का शुद्ध शाकाहारी. त्यांनी जन्मात खेकडा बघितलेला नाही. त्यांनी फोटो मोठा करून बघितला असणार, कारण जरा वेळानं त्यांचा आवाज आला. "रूपाली, कोथिंबीर वळखली बघ. खरं दगुड उकडायचं कशाला म्हणतो मी?"

* * *

मग स्नेहल म्हणाली, हे तुझ्या एकटीच्यानं व्हायचं नाही, मोबाईलवरचा वर्ग लावू. पुण्याच्या एक मॅडम होत्या, पहिला तास बघायला देत होत्या. आवाज अगदी गोड. बोलणं असं, की प्रत्येक शब्द धुऊन पुसून ठेवलेला.

त्याच आठवड्यात दुर्वाला उवा झाल्या म्हणून केस बारीक कापलेले. मॅडम म्हणाल्या, "अरे वा, किती गोड आहेस तू. सकाळी काय करतोस, बाळा?"

"मी दात घासतो. मग मी दूध पितो."

"शहाणा मुलगा."

"मी मुलगी हाय."

"अगं, हो का? मग मुली असं बोलत नाहीत. मी दूध पिते, म्हणायचं. म्हण बघू."

"मी दूध पितो."

"पिते."

"पितो."

आता हे आमच्या कोल्हापुरात असंच आहे. बाया, पोरी सगळ्या आलो, गेलो, जातो म्हणतात. लिहिताना मी आले-गेले लिहिते, ते शाळेत शिकवलं म्हणून. तोंडात येत नाही. पण मॅडमना वाटलं पोरीचंच काहीतरी चुकतंय. त्या काळजीनं म्हणाल्या, "आई आहेत का जवळ? आई, हिच्याशी घरी कुणीतरी नीट बोलायला हवं."

मी घाबरून मोबाईलसमोर आले. पदर सारखा केला.

"व्हय मॅडम. मी सांगतो तिला. रोज घेऊन बसतो मी."

तेवढ्यात मागनं आत्यांनी मान आत घातली.

"काळजी करू नगा, बाई. ती इसरली तर मी हायच. मी बोलतो तिच्यासंगं."

* * *

मग इंग्रजी अक्षरं. स्नेहलनं सांगितलं, आता पहिल्यासारखं ए बी सी डी नसतं, अक्षराचा आवाज शिकवायचा.

मला ते आधी नीट कळलं नाही, मी नावंच शिकवली. यू आला त्या दिवशी दुर्वा दारात उभी राहून मोठ्यानं पाठ करत होती, "यू, यू, यू." गल्लीतली सगळी कुत्री शेपटी हलवत आमच्या उंबऱ्यात. भाकरी देताना त्यांना तसंच बोलावतो ना आपण. तीन भाकऱ्या गेल्या तेव्हा यू पक्का झाला.

मग स्नेहल म्हणाली, "असं न्हाय गं. एसला एस म्हणायचंच न्हाय. सापासारखा आवाज काढायचा. स्स्स्स."

मी घरी आले. दुर्वाला मांडीवर घेतलं, सापाचं चित्र दाखवलं, आणि कानाजवळ हळूच म्हटलं, "स्स्स्स."

आता ज्यांनी पोर वाढवलंय त्यांना पुढचं सांगायला नको. मोरीच्या कडेला पोराला धरून आपण जन्मल्यापासून कुठला आवाज काढतो? माझी साडी भिजली.

मी स्नेहलला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझी पद्धत चुकली असणार. आण इकडं तिला." तिच्या नव्या सोफ्यावर दुर्वाला बसवलं. ती समोर खुर्चीवर, हातात रबरी साप. शिकलेली बाई, शिकवायची ढब वेगळीच. तिनं साप हवेत हलवला, डोळे मोठे केले आणि म्हणाली, "दुर्वा, लुक. स्स्स्स्स्स्स."

दुर्वानं सापाकडं बघितलं. मग खाली बघितलं. मग हसली.

स्नेहलनं साप खाली ठेवला. "रूपाली," म्हणाली, "आपण टी घेऊया."

सोफ्याचं कापड मी धुवायला घरी आणलं. आत्यांनी विचारलं काय झालं, मी सगळं सांगितलं. आत्या कौतुकानं दुर्वाच्या डोक्यावरनं हात फिरवत म्हणाल्या, "ते काय बी आसू दे. इंग्रजी बघ पोरीला कशी चटकन लागती."

* * *

आकडे मात्र मी शिकवलेच नाहीत. कुठल्या किरकोळातले घ्यायचे ते ठरेपर्यंत पोरगीच शिकून बसली. अक्का वरच्या मजल्यावर राहतात. दुर्वा दिवसातनं दहादा त्यांच्याकडं चढते. चढताना कधी माझा हात धरते, कधी आत्यांचा, कधी अक्कांचा. आणि आम्ही तिघी आपापल्या परीनं पायऱ्या मोजतो.

एका रविवारी ह्यांनी तिला एकटीला चढताना ऐकलं. मला हाक मारून बोलावलं. आम्ही दोघं जिन्याखाली गप उभे राहिलो.

"वन, दोन, मूरू, फोर, पाच, आरू, सेव्हन, आठ."

मूरू आणि आरू अक्कांचे. माझं तोंड पडलं. म्हटलं, "सगळा खिचडा केला आपण पोरीच्या डोक्याचा. शाळेत काय म्हणतील?"

हे वर बघत होते. म्हणाले, "एवढी वर्षं सीमाप्रश्न सुटंना. हिनं आठ पायऱ्यांत सोडवला."

ते हसले, मला मात्र हसायला आलं नाही. टोकाच्या शाळेतली मुलाखत जवळ आली होती आणि मी अजून एक किरकोळ धड पुरं केलं नव्हतं. सहा सुरू केली, सहा सोडली. मोबाईलवरच्या बायकांची पोरं सफरचंदाच्या फोडी करून पाव, अर्धा शिकत होती. आमच्या पोरीला खेकडा कुठनं धरायचा ते माहीत झालं होतं. वडगावला वन्सांनी दुर्वासाठी खोलीत लहान कॉट टाकली होती. तिचा फोटो पण पाठवला. चांगली गुलाबी कॉट होती. मी फोटो बघितला आणि मोबाईल उपडा ठेवला.

* * *

मुलाखतीला आम्ही चौघं गेलो. दुर्वा, मी, हे आणि वन्सं. वन्सं मुद्दाम वडगावहून आल्या. "मी असू दे," म्हणाल्या. "बोलायला कुणीतरी शिकलेलं पाहिजे."

मी आठ दिवस आरशासमोर एकच वाक्य पाठ करत होते. आईचं शिक्षण विचारलं तर "सेव्हन्थ स्टँडर्ड" म्हणायचं, मान वर करून. आरशात मान वर राहायची. शाळेच्या मॅडमच्या खोलीत शिरले आणि ती आपोआप खाली गेली.

मॅडम वयानं मोठ्या, चष्मा नाकावर, समोर टेबल. दुर्वाला त्यांनी जवळच्या खुर्चीवर बसवलं.

"नाव काय तुझं?"

"दुर्वा. तुमचं?"

वन्सांनी खोकून घेतलं. मॅडमनी आपलं नाव सांगितलं. दुर्वा म्हणाली, "चांगलं हाय."

मॅडमनी पेन्सिल वर धरली. "हा रंग कुठला?"

"तांबडा."

"इंग्रजीत काय म्हणतात, माहीत आहे?"

"रेड. खरं तुम्ही मराठीत विचारलासा."

हे खिडकीतनं बाहेर बघायला लागले. खांदे हलत होते. मॅडमनी अजून चारदोन गोष्टी विचारल्या. दुर्वानं काही सांगितल्या, काही म्हणाली, "हे मला येत न्हाय, उद्या सांगतो." मग मॅडमनी कागद पुढं ओढला आणि आमच्याकडं वळल्या.

"वडिलांचं शिक्षण?"

"आयटीआय. फिटर," हे म्हणाले.

मॅडमनी लिहिलं. "आणि आईचं?"

सेव्हन्थ कुठं गेलं आणि स्टँडर्ड कुठं गेलं. सगळे माझ्याकडं बघताहेत असं वाटलं. वन्सं पुढं सरकल्या, "तसं बघायला गेलं तर तिचं..."

"अजून चालू हाय," दुर्वा म्हणाली.

मॅडमनी चष्म्यावरनं बघितलं. "काय चालू आहे?"

"आईचं शिक्षण. झालंय कुठं अजून? मी शिकवतो की तिला. रोज."

मॅडमनी पेन कागदावर टेकवलं आणि लिहिलं. मी उलट्या बाजूला होते, तरी वाचता आलं. दोनच शब्द होते. चालू आहे.

मग पेन बाजूला ठेवून त्या दुर्वाकडं वळल्या. एका बाईंनी दुसऱ्या बाईंना विचारावं तसं विचारलं, "मग? कशी आहे तुमची विद्यार्थिनी?"

दुर्वानं मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"हुशार हाय," म्हणाली. "खरं लई घाबरती."

* * *

दुर्वाला त्या शाळेत घेतलं, आणि रोज सोडायला जाणार मी. आता एक निरोप तेवढा पोचवा. जूनपासून आमच्या गल्लीतनं त्या टोकाच्या शाळेला चालत जाणारी पोरं कुणाच्या घरात असतील, तर त्यांच्या आयांना सांगा. सकाळी जाता जाता आमच्या दारात एक हाक मारत जावा म्हणावं. सोबत पाहिजे.

दुर्वाला न्हाय. मला.